विश्लेषण : दोनदा नोबेल मिळवणाऱ्या जॉन बार्डीन यांनी जोसेफसन यांचे गणित का नाकारले? त्यातून अतिवेगवान विद्युत-स्पंद कसे साकारले?

भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोनदा मिळवणारी आजवर एकच व्यक्ती झाली, ती म्हणजे अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन बार्डीन. १९५६ मध्ये ट्रान्झिस्टरसाठी आणि १९७२ मध्ये अतिवाहकतेच्या सिद्धान्तासाठी त्यांना हा मान मिळाला. मात्र या दोन पारितोषिकांच्या मधल्या काळात, १९६२ मध्ये, केंब्रिजमधल्या २२ वर्षांच्या एका विद्यार्थ्याचे गणित त्यांनी जाहीरपणे नाकारले आणि वर्षभरातच प्रयोगांनी विद्यार्थ्याची बाजू खरी ठरवली. त्या गणितातून आलेले ‘जोसेफसन जंक्शन’ आज सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागात मोजावे लागणारे विद्युत-स्पंद निर्माण करते. व्होल्टचे प्रमाण ठरवण्यापासून क्वांटम संगणकापर्यंत त्याचा वापर होतो. विशेष म्हणजे या स्पंदाचे माप ज्या आकड्यावर ठरते, तो आकडा बार्डीन यांच्याच सिद्धान्तातला आहे.

बार्डीन कोण होते?

जॉन बार्डीन यांचा जन्म २३ मे १९०८ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे झाला. वडील चार्ल्स रसेल बार्डीन हे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे पहिले अधिष्ठाता होते. जॉन लहानपणापासून गणितात इतके पुढे होते, की त्यांना मधल्या काही इयत्ता गाळून थेट वरच्या वर्गात बसवण्यात आले. ते साधारण १२ वर्षांचे असताना आई अल्थिया कर्करोगाने गेल्या. पंधराव्या वर्षी त्यांनी विद्यापीठात प्रवेश घेतला आणि १९२८ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी, तर पुढच्याच वर्षी पदव्युत्तर पदवी मिळवली. त्यानंतर पिट्सबर्ग येथील गल्फ तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांनी भूभौतिकशास्त्रज्ञ म्हणून नोकरी केली. जागतिक मंदीच्या काळात ही नोकरी सुरक्षित होती. तरीही ती सोडून ते प्रिन्स्टन विद्यापीठात गेले आणि युजीन विग्नर यांच्या मार्गदर्शनाखाली १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. धातूंमध्ये इलेक्ट्रॉन कसे वागतात, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या डोक्यात घर करून राहिला.

ट्रान्झिस्टरचा शोध कसा लागला?

दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या प्रयोगशाळेत काम केल्यावर १९४५ मध्ये बार्डीन बेल लॅब्जमध्ये रुजू झाले. तेथे विल्यम शॉकली यांच्या गटाला निर्वात नळीची जागा घेऊ शकेल असा घन पदार्थाचा प्रवर्धक, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, बनवायचा होता. शॉकली यांची मूळ कल्पना प्रयोगात उतरत नव्हती. अर्धवाहकाच्या पृष्ठभागावर अडकून पडलेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या विद्युत क्षेत्राला आत शिरू देत नाहीत, हे कारण बार्डीन यांनी शोधून काढले. मग वॉल्टर ब्रॅटन यांच्यासोबत त्यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर सोन्याचे दोन स्पर्शबिंदू अगदी जवळजवळ टेकवले आणि १६ डिसेंबर १९४७ रोजी पहिला ट्रान्झिस्टर चालला. आठवडाभराने, २३ डिसेंबरला, त्याचे प्रात्यक्षिक वरिष्ठांना दाखवण्यात आले.

या यशानंतर गटात कटुता आली. पुढच्या महत्त्वाच्या कामापासून शॉकली यांनी बार्डीन आणि ब्रॅटन यांना दूर ठेवले. मितभाषी आणि अतिशय हळू आवाजात बोलणाऱ्या बार्डीन यांनी भांडण वाढवले नाही. १९५१ मध्ये ते इलिनॉय विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी आणि भौतिकशास्त्र अशा दोन्ही विभागांचे प्राध्यापक म्हणून गेले. १९५६ मध्ये तिघांना मिळून नोबेल जाहीर झाले, तोवर बार्डीन दुसऱ्याच कोड्यात गुंतले होते.

अतिवाहकतेचे कोडे काय होते?

नेदरलँड्समधील लायडन येथे हाइके कॅमर्लिंग ओनेस यांना १९११ मध्ये असे आढळले, की पारा सुमारे ४.२ केल्विन, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की त्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा होतो. असे का होते, हे पुढची चार दशके कोणालाच नीट सांगता आले नाही. आइन्स्टाइन, हायझेनबर्ग, फाइनमन यांच्यासारख्यांनीही यावर डोके चालवून पाहिले होते. १९५० मध्ये एक धागा मिळाला. एकाच धातूच्या जड आणि हलक्या समस्थानिकांमध्ये अतिवाहक होण्याचे तापमान वेगवेगळे असते, असे प्रयोगांत दिसले. याचा अर्थ, इलेक्ट्रॉनच्या वागण्यात धातूतील अणूंच्या कंपनांचा हात असला पाहिजे. बार्डीन पुन्हा या प्रश्नाकडे वळले.

१९५७ मध्ये त्यांनी लिऑन कूपर आणि रॉबर्ट श्रीफर या दोन तरुण सहकाऱ्यांसह उत्तर मांडले. ते तिघांच्या आद्याक्षरांवरून ‘बीसीएस’ सिद्धान्त म्हणून ओळखले जाते. ऋणभारित इलेक्ट्रॉन धातूतून जाताना आसपासच्या धनभारित अणूंना किंचित आपल्याकडे ओढतो. त्यामुळे तेथे तयार झालेल्या धनभाराकडे दुसरा इलेक्ट्रॉन खेचला जातो. अशा रीतीने एरवी एकमेकांना दूर लोटणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात आणि अतिथंड धातूत या साऱ्या जोड्या एकाच लयीत चालतात. एखाद्या अडथळ्याने एकच जोडी वाट चुकवू शकत नाही, म्हणून रोध उरत नाही.

या जोड्यांचा ठसठशीत पुरावा १९६१ मध्ये अमेरिका आणि जर्मनीतील दोन स्वतंत्र गटांनी दिला. अतिवाहक वलयात चुंबकीय फ्लक्स हवा तेवढा मावत नाही, तो ठरावीक एककांच्या पटीतच राहतो. या एककाचे मूल्य प्लांकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनच्या भाराची दुप्पट एवढे निघाले. यातला ‘दोन’ म्हणजे जोडीतले दोन इलेक्ट्रॉन होत.

केंब्रिजच्या विद्यार्थ्याने काय मांडले?

अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत आयवर गायेव्हर यांनी १९६० मध्ये दोन धातूंच्या पट्ट्यांमध्ये निरोधकाचा अतिशय पातळ थर ठेवून प्रयोग केले. पट्टी अतिवाहक असताना इलेक्ट्रॉन थराच्या आरपार कसे जातात, हे त्यांनी मोजले. भिंत ओलांडण्याइतकी ऊर्जा नसताना कण पलीकडे पोहोचण्याच्या या क्वांटम वर्तनाला टनेलिंग म्हणतात. तोवर समज असा होता, की थर ओलांडतात ते सुटे इलेक्ट्रॉन.

केंब्रिजमध्ये संशोधन करणाऱ्या ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये बीसीएस सिद्धान्त हाती घेऊनच गणित केले आणि वेगळाच निष्कर्ष काढला. दोन्ही बाजूंना अतिवाहक असेल, तर इलेक्ट्रॉनच्या जोड्याही थर ओलांडतील. एवढेच नव्हे, तर कोणतेही व्होल्टेज न लावता थरातून प्रवाह वाहील. व्होल्टेज लावले तर हा प्रवाह पुढे-मागे आंदोलन करू लागेल आणि एका मिलिव्होल्टला आंदोलनांची वारंवारता सुमारे ४८४ गिगाहर्ट्झ असेल. तोवर प्रयोगशाळांमध्ये असा शून्य व्होल्टेजचा प्रवाह दिसला, तरी थराला छिद्र पडून शॉर्ट सर्किट झाले असावे, असे समजून तो सोडून दिला जात असे.

बार्डीन यांचा आक्षेप काय होता?

एका इलेक्ट्रॉनने थर ओलांडण्याची शक्यताच मुळात कमी असते. दोघांनी एकाच वेळी तसे करण्याची शक्यता म्हणजे त्या कमी शक्यतेचा वर्ग, म्हणजे नगण्य, असे त्या काळी अनेकांना वाटे. बार्डीन यांचा मुद्दा अधिक खोल होता. त्यांच्या मते जोडी जमवणारी परस्परक्रिया धातूच्या आतली आहे. निरोधक थरात ती पोहोचत नाही, तेव्हा जोडीचे अस्तित्व थराच्या काठाशीच संपते. १९६२ मध्येच प्रसिद्ध झालेल्या आपल्या शोधनिबंधाला टीप जोडून त्यांनी जोसेफसन यांचा निष्कर्ष फेटाळला.

सप्टेंबर १९६२ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात अतिशीत भौतिकशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेथे दोघे समोरासमोर आले. एकीकडे ट्रान्झिस्टरचे जनक आणि अतिवाहकतेचे कोडे सोडवणारे नोबेल विजेते, दुसरीकडे डॉक्टरेटही न झालेला विद्यार्थी. जोसेफसन यांच्या मांडणीनंतर बार्डीन उठले आणि त्यांनी आपले आक्षेप सांगितले. जोसेफसन यांनी आपण हे सारे मोजून पाहिले असल्याचे सांगत प्रत्येक आक्षेपाला उत्तर दिले. वाद रंगला, पण एकमत झाले नाही.

जोसेफसन यांचे म्हणणे असे होते, की जोड्यांच्या सामूहिक लहरीचे टोक थराच्या आतही थोडे शिरते. दोन्ही बाजूंची टोके पातळ थरात एकमेकांना भिडतात आणि साऱ्या जोड्या एका लयीत असल्यामुळे पलीकडे जाण्याची क्रिया एकत्रितपणे घडते. म्हणून येथे शक्यतेचा वर्ग करण्याचा हिशेब लागू होत नाही. बार्डीन यांनी सुट्या इलेक्ट्रॉनांसाठी मांडलेले चित्र बरोबर होते, मात्र त्यांच्याच सिद्धान्तातल्या सामूहिक लयीचा हा परिणाम त्यांच्या नजरेतून निसटला होता.

बार्डीन यांनी माघार कशी घेतली?

निकाल लागला तो बार्डीन यांच्या जुन्या कर्मभूमीत. बेल लॅब्जमधील फिलिप अँडरसन यांनी केंब्रिजमध्ये पाहुणे अध्यापक असताना जोसेफसन यांना शिकवले होते आणि त्यांचे गणितही तपासले होते. परतल्यावर त्यांनी जॉन रोवेल यांच्यासह प्रयोग केला. कथिल आणि शिसे यांच्या पट्ट्यांमधल्या थरातून शून्य व्होल्टेजला प्रवाह वाहतो आणि अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्र लावताच तो कमी होतो, हे त्यांनी १९६३ च्या सुरुवातीला दाखवले. शॉर्ट सर्किटचा प्रवाह इतक्या क्षीण क्षेत्राने बदलला नसता.

ऑगस्ट १९६३ मधील परिषदेत बार्डीन यांनी आपला विरोध जाहीरपणे मागे घेतला. ते तेथेच थांबले नाहीत. १९६५-६६ या वर्षासाठी त्यांनी जोसेफसन यांना इलिनॉय विद्यापीठात संशोधनासाठी बोलावून घेतले. पुढे जोसेफसन आणि गायेव्हर यांची नावे नोबेलसाठी सुचवणाऱ्यांमध्येही ते होते. बार्डीन यांना दुसरे नोबेल मिळाल्यानंतर वर्षभराने, १९७३ मध्ये, या दोघांना जपानचे लिओ एसाकी यांच्यासह ते पारितोषिक मिळाले.

जंक्शनमधून स्पंद कसा निघतो?

दोन अतिवाहकांमध्ये एक-दोन नॅनोमीटर जाडीचा निरोधक थर, अशी जोसेफसन जंक्शनची रचना असते. आजच्या सर्किटांमध्ये साधारणपणे नायोबियम या धातूचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा पापुद्रा असतो. ठरावीक मर्यादेपर्यंतचा प्रवाह यातून व्होल्टेजशिवाय वाहतो. मर्यादा ओलांडली की काय होते, हे समजायला दांडीला टांगलेल्या लंबकाचे उदाहरण उपयोगी पडते. लंबकाला हलका धक्का दिला, तर तो थोडा कलून थांबतो. धक्का जोराचा असेल, तर तो वरून एक पूर्ण गिरकी घेऊन पुन्हा खाली येतो. दोन्ही बाजूंच्या लहरींमधला लयीचा फरक असाच एक पूर्ण फेरा मारतो, तेव्हा जंक्शनच्या दोन टोकांमध्ये क्षणभर व्होल्टेज उमटते. हाच तो स्पंद.

जंक्शनला शेजारी योग्य मूल्याचा रोध जोडलेला असतो. तो लंबकाला ब्रेक लावण्याचे काम करतो, त्यामुळे एका धक्क्याला एकच गिरकी होते आणि जंक्शन आपोआप मूळ स्थितीत येते. प्रत्येक स्पंदाची उंची आणि रुंदी सर्किटनुसार बदलू शकते, मात्र व्होल्टेज आणि वेळ यांचा आलेख काढला तर त्याखालचे क्षेत्रफळ नेहमी तेच भरते. ते असते २.०७ मिलिव्होल्ट-पिकोसेकंद, म्हणजेच फ्लक्सचे ते एकक. ढोबळमानाने एक मिलिव्होल्ट उंचीचा स्पंद दोन पिकोसेकंदांत संपतो. एवढ्या वेळात प्रकाशही जेमतेम ०.६ मिलिमीटर अंतर कापतो. हे क्षेत्रफळ तापमानावर, धातूवर किंवा कारागिरीवर अवलंबून नसते. प्लांकचा स्थिरांक आणि बार्डीन यांच्या जोडीतला ‘दोन’ यांवरच ते ठरते.

संगणकासाठी त्याचा उपयोग झाला का?

आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जोसेफसन जंक्शनवर आधारित संगणकाचा प्रयत्न केला. त्या रचनेत जंक्शन एकदा व्होल्टेजच्या स्थितीत गेले की तेथेच अडकून बसे आणि प्रत्येक वेळी वीजपुरवठा शून्यावर आणून ते मोकळे करावे लागे. त्यात वेग वाया जाई. दरम्यान सिलिकॉन चिप झपाट्याने सुधारत गेली आणि १९८३ मध्ये आयबीएमने हा प्रकल्प बंद केला.

१९८५ मध्ये मॉस्को राज्य विद्यापीठातील कॉन्स्टँटिन लिखारेव्ह, ओलेग मुखानोव्ह आणि वासिली सेमेनोव्ह यांनी विचाराची दिशा बदलली. व्होल्टेज वर राहिले तर एक आणि खाली असले तर शून्य, ही ट्रान्झिस्टरची भाषा त्यांनी सोडून दिली. ठरलेल्या वेळेत स्पंद आला तर एक, नाही आला तर शून्य, असा नियम त्यांनी केला. स्पंद स्वतःच संपत असल्याने जंक्शन मोकळे करण्याची अडचण उरली नाही. १९९९ मध्ये या पद्धतीने बनवलेले एक साधे विभाजक सर्किट ७७० गिगाहर्ट्झपर्यंत चालल्याचे दाखवण्यात आले. आपल्या घरातील संगणकांच्या प्रोसेसरचा वेग अजूनही काही गिगाहर्ट्झच्याच घरात आहे.

मग हे तंत्र मोबाइलमध्ये का नाही?

पहिली अडचण थंडीची. नायोबियमची सर्किटे साधारण ४ केल्विनला, म्हणजे द्रवरूप हेलियमच्या तापमानाला चालवावी लागतात. शीतकरणाचे यंत्रच चिपच्या कितीतरी पट मोठे असते. दुसरी अडचण घनतेची. ट्रान्झिस्टर नॅनोमीटरमध्ये आक्रसत गेले, तसे जंक्शन आणि त्यासोबतची वेटोळी लहान करता आलेली नाहीत. म्हणून भरपूर साठवण देणारी मेमरी या तंत्रात बनवणे अवघड आहे. शिवाय एक मिलिव्होल्टचा स्पंद बाहेरच्या साध्या इलेक्ट्रॉनिक्सला समजावा यासाठी तो आधी वाढवावा लागतो.

जेथे थंडी परवडते आणि अचूकता हवी असते, तेथे मात्र या स्पंदांना तोड नाही. जंक्शनला सेकंदाला एक हजार कोटी वेळा धक्का दिला, तर प्रत्येक धक्क्याला नेमका एक स्पंद निघतो आणि सरासरी व्होल्टेज २०.७ मायक्रोव्होल्ट भरते. अशी हजारो जंक्शने एका माळेत जोडली, की मोजता येण्याजोगे आणि पूर्णपणे ठाऊक असलेले व्होल्टेज मिळते. धक्क्यांचा क्रम बदलून हवी ती लहर घडवता येते. १९९० पासून जगभरातील राष्ट्रीय प्रयोगशाळा व्होल्टचे प्रमाण याच परिणामावरून ठरवतात. क्वांटम संगणकाच्या अतिवाहक क्युबिटमध्येही हेच जंक्शन असते. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्यातील डीआरडीओची क्वांटम प्रयोगशाळा यांनी २०२४ मध्ये चाचणी घेतलेला सहा क्युबिटचा प्रोसेसर याच प्रकारचा आहे.

बार्डीन यांची अखेरची वर्षे कशी होती?

बार्डीन अखेरपर्यंत इलिनॉय विद्यापीठाशी जोडलेले राहिले. गोल्फची आवड असलेला शांत प्राध्यापक अशीच त्यांची गावातली ओळख होती. पहिल्या नोबेलच्या वेळी तीन मुलांपैकी एकालाच सोबत आणले म्हणून स्वीडनच्या राजाने त्यांची थट्टा केली होती. पुढच्या वेळी सगळ्यांना आणतो, असे त्यांनी राजाला सांगितले आणि १९७२ मध्ये शब्द पाळला. ट्रान्झिस्टर रेडिओने मोठ्या झालेल्या जपानच्या सोनी कंपनीने त्यांच्या नावाने इलिनॉय विद्यापीठात ३० लाख डॉलरचे अध्यासन सुरू केले. ३० जानेवारी १९९१ रोजी बोस्टन येथे वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ट्रान्झिस्टरची स्वस्त आणि दाट चिप एकीकडे, अतिवाहक जंक्शनचा थंड आणि वेगवान स्पंद दुसरीकडे, अशा संगणनाच्या दोन वाटा आज आहेत. पहिलीची सुरुवात बार्डीन यांनी स्वतः केली. दुसरीचा पाया त्यांनी घातला, पण त्यावर उभे राहू पाहणाऱ्या पहिल्या माणसाला मात्र विरोध केला. पुराव्यापुढे त्यांनी वर्षभरात मान तुकवली आणि त्या तरुणाची बाजू पुढे नेली, म्हणून हा वाद विज्ञानाच्या इतिहासात कडवट न होता संपला.